रमाबाईंची वाट पाहण्याची रीत

दौंडहून सकाळच्या गाडीने पुण्याला जाणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं मीही त्या जमातीत होतो. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत. डोळे मिटलेले असले तरी कुठलं स्टेशन आलं ते गर्दीच्या आवाजावरून कळायचं. केडगाव म्हटलं की आमच्याकडे लोकांना तीन गोष्टी आठवतात: जवळच्या चौफुल्यावरची कलाकेंद्रं, नारायण महाराजांचं बेट आणि 'मिशन'. (नगरचं केडगाव वेगळं. हे दौंड तालुक्यातलं.) लावणी, दत्तगुरू आणि येशू ख्रिस्त, तिघांसाठी उतरायचं स्टेशन एकच. मी मात्र तिथे कधीच उतरलो नाही.

उतरलो तो गेल्या वर्षी. नोकरी गेल्याला सात महिने झाले होते. कंपनीने एका व्हिडिओ कॉलवर आमची अख्खी टीम मोकळी केली, त्यात मीही होतो. मग रोज सकाळी मेल बघायचा, दोन ठिकाणी अर्ज टाकायचा आणि दुपारी आईचं ऐकायचं, "देवावर सोड, तो बघतोय." मला त्या वाक्याचा राग यायचा. सोडायचं म्हणजे नक्की काय करायचं? हात जोडून बसायचं, की हात हलवत राहायचं? त्याच दिवसांत पंडिता रमाबाईंबद्दल वाचायला लागलो. सुरुवात वेळ घालवायला केली होती. पण या बाईने हाच प्रश्न आयुष्यभर, आणि माझ्यापेक्षा कितीतरी मोठी किंमत मोजून, हाताळला होता असं लक्षात आल्यावर मग थांबता येईना.

शाळेच्या पुस्तकात रमाबाई दोन ओळींत आटोपतात: संस्कृत पंडिता, स्त्रीशिक्षण, शारदा सदन. त्यांचा ख्रिस्ती धर्म एका अर्धवाक्यात उरकला जातो, कारण तो कोणालाच सोयीचा नाही. पण त्यांच्या १८९१ नंतरच्या प्रत्येक निर्णयामागे 'देव वाट दाखवतो आणि आपण थांबायला शिकायचं' हा एकच विश्वास आहे. तो वगळला तर उरलेल्या रमाबाई कळतच नाहीत.

आणि हा विश्वास भाबडेपणातून आलेला नव्हता. देवावर हवाला ठेवून बसलेल्या माणसांचं काय होतं, ते त्यांनी सोळाव्या वर्षी पाहिलं होतं.

वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान आणि हट्टी. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून टीका झाली, तरी मागे हटले नाहीत. सह्याद्रीतल्या गंगामूळला रानात त्यांनी बिऱ्हाड केलं, तिथे १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. नंतर घर मोडलं आणि कुटुंब तीर्थयात्रेला लागलं. पुराणं सांगायची, जे मिळेल त्यातलं दान करायचं, उरेल त्यावर जगायचं. भागवताचे अठरा हजार श्लोक मुलीला आईनेच शिकवले.

मग मद्रास इलाख्यात दुष्काळ आला. रमाबाईंनी पुढे या दिवसांबद्दल लिहून ठेवलंय, आणि ते वाचताना मला मोबाईल बाजूला ठेवावा लागला. जवळचं होतं ते दानधर्मात, व्रतांत, ब्राह्मणभोजनांत गेलं होतं. देव प्रसन्न होईल, धन मिळेल, या आशेवर ते थांबले. भांडी गेली, दागिने गेले. मजुरी करायची तर ब्राह्मण्य आड येई, भीक मागायची तर मान आड येई. शेवटी तिरुपतीकडच्या रानात अकरा दिवस पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. म्हाताऱ्या, आंधळ्या झालेल्या वडिलांनी पवित्र कुंडात देह सोडायचं ठरवलं. तेव्हा मोठा भाऊ श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करतो. त्या एका वाक्याने कुंडाचा बेत मोडला. पण उशीर झाला होता. १८७४ मध्ये वडील गेले, थोड्याच दिवसांत आई, पुढच्या वर्षी थोरली बहीण.

जाण्याआधी वडिलांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन सांगितलं, मी तुला देवाच्या हाती दिलंय, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाईंनी हे तीसेक वर्षांनी लिहिलं, तेव्हा त्या ख्रिस्ती होत्या. वडिलांचा देव वेगळा होता हे त्यांना माहीत होतं. तरीही वडिलांचं ते सोपवणं वाया गेलं असं त्यांना वाटत नव्हतं. या एका जागी मी फार वेळ अडकलो. ज्या श्रद्धेने घर उपाशी मारलं ती त्यांनी सोडली, पण वडिलांनी आपल्याला कोणाच्या तरी हाती दिलंय ही जाणीव नाही सोडली.

पुढची दहा वर्षं भराभर सांगतो, कारण ती तुम्ही कुठे ना कुठे वाचलेली असतात. बहीणभाऊ हजारो मैल पायी हिंडले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला, त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, १८८१ मध्ये मनोरमा झाली, १८८२ मध्ये नवराही गेला. पुण्यात आर्य महिला समाज, हंटर कमिशनपुढे साक्ष, १८८३ मध्ये इंग्लंड आणि तिथे वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा.

इंग्लंडला त्या डॉक्टर व्हायला गेल्या होत्या. ते झालं नाही, कारण ऐकू येणं कमी होत चाललं होतं. पंचविशीतली विधवा, कडेवर दोन वर्षांची पोर, परका देश, आणि ज्या एका कारणासाठी आलो तेच दार बंद. हा 'ईश्वरी संकेत' होता असं म्हणणं आज सोपं आहे, कारण पुढचं सगळं आपल्याला माहीत आहे. त्यांना माहीत नव्हतं. त्या चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवायला आणि स्वतः गणित, विज्ञान, ग्रीक शिकायला लागल्या. यातलं ग्रीक वीस वर्षांनी उपयोगी पडणार होतं.

याच काळातला त्यांचा सिस्टर जेराल्डीनशी झालेला पत्रव्यवहार पुढे १९७७ मध्ये पुस्तकरूपाने आला. तो वाचाच. सिस्टरचं म्हणणं: चर्च सांगेल ते नम्रपणे मान, श्रद्धेची हीच रीत. रमाबाईंचं म्हणणं: मोठ्या कष्टाने एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटलेय, आता दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही, देवाने मला सदसद्विवेक दिलाय. त्रैक्याच्या सिद्धांतावर त्यांनी इतके प्रश्न विचारले की बिचाऱ्या सिस्टर रडकुंडीला आल्या असाव्यात. देवाच्या मार्गदर्शनावर भरवसा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्यांवर भरवसा, या दोन गोष्टी रमाबाईंनी कधी एक होऊ दिल्या नाहीत. आपण बहुतेक जण नेमकी इथेच गल्लत करतो.

गंमत अशी की, हे सगळं चालू असताना त्यांना स्वतःलाही अजून काही सापडलं नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, खुद्द ख्रिस्त मिळालेलाच नाही. हे त्यांनी 'साक्ष' म्हणून लिहिलेल्या छोट्या आत्मकथनात कबूल केलंय. तोवर त्या जगप्रसिद्ध होत्या. अमेरिकेत भाषणं देऊन आल्या होत्या. बॉस्टनच्या संस्थेने दहा वर्षं पैसे द्यायचं मान्य केलं होतं आणि त्यावर १८८९ मध्ये शारदा सदन मुंबईत उघडून पुढच्या वर्षी पुण्यात आलं होतं. बाहेरून सगळं जमलेलं आणि आत आठ वर्षांचं रिकामेपण, हे सहन करत बसणं सोपं नसतं.

पुण्याने त्यांना फार दिवस शांत बसू दिलं नाही. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसतात यावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला. 'केसरी'ने झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, वीस-पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. पुणेकरांची भीती अगदीच खोटी नव्हती असं माझं मत आहे. दार उघडं ठेवून प्रार्थना करणारी, मुलींना लळा लावणारी बाई आपला धर्म लपवून ठेवू शकत नाही, आणि त्यांना तो लपवायचाही नव्हता. पण त्याच शारदा सदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, हिंदूच राहिल्या आणि धोंडो केशव कर्व्यांच्या घरी गेल्या. म्हणजे चित्र दोन्ही बाजूंच्या भाषणांपेक्षा जास्त गुंतागुंतीचं होतं.

आता माझ्या आवडीचा भाग, कारण त्यात गणित आहे.

१८९६ मध्ये लोणावळ्याच्या रानात ख्रिस्ती मंडळींचा प्रार्थना मेळावा होता. रमाबाई सोबत पंधरा मुली घेऊन गेल्या. तिथे त्यांनी देवाकडे काय मागावं? या संख्येचा वर्ग कर. पंधराचा वर्ग दोनशे पंचवीस! आणि तोही पुढच्या मेळाव्यापर्यंत. त्या वेळी सदनात पन्नासेक मुली होत्या, जागा तेवढ्यांनाच, आणि अमेरिकेची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरने ही मागणी फाडून टाकली असती. हा आकडा ऐकून मला आधी हसू आलं. मग वाटलं, 'खूप मुली दे' असं त्या म्हणाल्या नाहीत हे महत्त्वाचं आहे. मोघम मागणी फसली तरी कळत नाही. दोनशे पंचवीस मागितल्यावर मिळाले की नाही हे मोजता येतं, आणि न मिळण्याची लाजही पत्करावी लागते.

मग त्या वर्षाच्या शेवटी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंनी बातम्या वाचल्या आणि बावीस वर्षांपूर्वीचं सगळं वर आलं असणार. जवळ पैसे नाहीत, ठेवायला जागा नाही. तरीही गेल्या. दुष्काळी छावण्यांतून, रस्त्यांवरून विधवा, अनाथ मुली गोळा केल्या. त्यांना पळवून नेणारे दलालही त्याच रस्त्यांवर होते, त्यामुळे दिरंगाईला वावच नव्हता. काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली झाल्या. वर्ग पूर्ण होऊन वर शिल्लक राहिली.

ठेवायच्या कुठे? पुण्यात प्लेग, सरकारी निर्बंध, नव्या मुली शहरात ठेवायला मनाई. पण मुदत संपल्यावर संस्थेला उत्पन्न हवं म्हणून रमाबाईंनी आधीच केडगावला माळरान विकत घेऊन फळबाग लावायला घेतली होती. विहिरी खणल्या होत्या. मुलींना तिथे नेलं, आधी राहुट्या आणि झोपड्या, मग इमारती. अशी 'मुक्ती' उभी राहिली. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि माणसांची संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना, आंधळ्यांसाठी वेगळी शाळा, असं एक गावच वसलं.

यात देवाचा हात किती आणि आधी लावलेल्या झाडांचा किती, असा प्रश्न मला पडला. रमाबाईंना तो पडला नसता. त्यांच्या लेखी झाडं लावायची बुद्धी हेच मार्गदर्शन होतं. त्यांच्यावर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरच्या चरित्राचा मोठा प्रभाव होता. या माणसाने कोणाकडेही पैसे न मागता, नुसत्या प्रार्थनेवर दोन हजार अनाथ मुलं राहतील एवढी घरं चालवली, अशी त्याची ख्याती. खरं तर म्यूलर दरवर्षी छापील अहवाल काढायचा, त्यात पैपैचा हिशेब असायचा आणि वाचून लोक पैसे पाठवायचे. रमाबाईंनीही तेच केलं. 'मुक्ती प्रेअर बेल' नावाचं पत्र काढलं, १८९८ मध्ये अमेरिकेला जाऊन दहा वर्षांचा हिशेब मांडला. मागायचं नाही, पण लपवायचंही नाही. याला कोणी चलाखी म्हणेल. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. ज्याला खरंच भरवसा आहे तोच वह्या उघड्या ठेवतो.

आणि देवापुढे धीर म्हणजे साहेबापुढे गप्प बसणं, असंही त्यांनी कधी मानलं नाही. १८९७ मध्ये प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांच्या अब्रूची हेळसांड होते, आपल्या एका मुलीचं तिथे काय झालं, हे त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून जाहीर केलं. त्यावरून थेट विलायतेच्या पार्लमेंटात प्रश्न विचारला गेला आणि सरकारने हात झटकले. सबुरी कोणाच्या बाबतीत धरायची हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

पण त्यांच्या धीराची खरी परीक्षा दुष्काळात झाली नाही, ती कागदावर झाली. दुष्काळात निदान घाई असते, माणूस पळत असतो.

१९०५ च्या सुमारास त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं. मराठीत बायबल नव्हतं असं नाही. विल्यम केरीच्या काळापासून, म्हणजे शंभर वर्षं, ते होतं. पण रमाबाईंना त्याची भाषा खटकायची. दुष्काळातून आलेली, जेमतेम अक्षरओळख झालेली मुलगी ते वाचून काय समजणार? शिवाय त्यातल्या अनेक संस्कृत शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ चिकटलेले आहेत असं त्यांना वाटे. आणि हे म्हणणारी बाई म्हणजे अठरा हजार श्लोक पाठ असलेली पंडिता. तिनेच संस्कृत बाजूला सारून बाजारातल्या बाईची मराठी शोधायला बसावं! इंग्रजीवरून भाषांतर करणं हा सोपा मार्ग होता. त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रूचा अभ्यास केला, ग्रीक घासून पुसून घेतलं आणि मुळावरून सुरुवात केली.

सहासष्ट पुस्तकं. माझ्या पिढीला हे काम कसं होतं ते सांगायला हवं, कारण आपण एक शब्द बदलायचा तर शोधा-आणि-बदला दाबतो. तेव्हा शिशाचे खिळे जुळवायचे. देवनागरीला काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं, म्हणून खिळ्यांचे प्रकारही शेकड्यांनी. जुळाऱ्याने एकेक खिळा उचलून ओळ बसवायची, तीही उलटी दिसणारी. मग मुद्रित काढायचं, तपासायचं, एक अक्षर चुकलं तर चिमट्याने ते उपसून दुसरं बसवायचं. फर्मा छापून झाला की सगळे खिळे पुन्हा सुटे करून आपापल्या खणात टाकायचे, कारण पुढच्या फर्म्याला तेच लागणार. मुक्तीच्या छापखान्यात हे काम मुली करत. जुळणी त्यांची, छपाई त्यांची, बांधणी त्यांची. छावणीतून हाडाचा सापळा होऊन आलेल्या पोरी आता ज्या ओळी जुळवत होत्या, त्या त्यांनाच समजाव्यात म्हणून लिहिलेल्या होत्या.

सतरा-अठरा वर्षं हे चाललं. मध्येच रमाबाईंचं ऐकू येणं जवळपास संपलं. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, चाळीस वर्षांची. शाळा तीच सांभाळत होती, आईनंतर मुक्तीही तीच सांभाळणार होती. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता ही. वडिलांनी देवाच्या हाती दिलेली ती मुलगी आता त्रेसष्ट वर्षांची, पुन्हा पूर्ण एकटी. देवाच्या योजनेवर बोलायला सोपं जाईल असा हा क्षण नाही, आणि मीही काही बोलणार नाही. नोंद एवढीच की मुद्रितं तपासायचं काम थांबलं नाही.

मुक्तीत सांगितली जाणारी गोष्ट अशी: तब्येत ढासळली तेव्हा थोडी मुद्रितं राहिली होती. रमाबाईंनी देवाकडे दहा दिवस मागितले. वर्ग मागणाऱ्या बाईने शेवटीही मोजता येईल असाच आकडा मागितला. दहाव्या दिवशी मुद्रितं संपली आणि त्या रात्री त्या झोपेतच गेल्या. ५ एप्रिल १९२२. दहा दिवसांचा हिशेब मला तपासता आलेला नाही. तारीख आणि संपलेलं काम, दोन्ही खरं आहे.

ही गोष्ट इथे थांबवली की छान वाटतं, म्हणून बहुतेक जण इथेच थांबवतात. पण पुढे काय झालं? संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला आणि फारसा चालला नाही. चर्चमध्ये बायबल सोसायटीचंच भाषांतर राहिलं, आजही त्याच परंपरेतलं वाचलं जातं. एकट्या बाईने मूळ भाषांवरून केलेलं संपूर्ण बायबल जगात फार दुर्मीळ, पण ज्या गावठी बायकांसाठी ते केलं त्यांच्यापर्यंत पोचलं ते थोडंच. प्रॉडक्टच्या भाषेत बोलायचं तर अठरा वर्षं बांधलं आणि युजर आले नाहीत.

हे वाचल्यावर मी चिडलो होतो, हे कबूल करतो. पंधराचा वर्ग करून देणाऱ्या देवाने इथे हात का आखडता घेतला? एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. तो म्हणाला, "तिने वर्ग मागितला होता तो पोरींचा. पुस्तकाबद्दल तिने एवढंच मागितलं की पूर्ण व्हावं. खपाचं ती कुठे बोलली?" उत्तर मला पुरेसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. पण विसरताही येत नाही.

त्याच आठवड्यात एक दिवस दौंडहून निघालो आणि केडगावला उतरलो. काम काहीच नव्हतं, मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. मिशनच्या रस्त्याला लागलो तेव्हा शाळा सुटत होती, मुलींची रांगच्या रांग समोरून आली, दप्तरं, दोन वेण्या, एकमेकींना ढकलत. फाटकापाशी थोडा वेळ उभा राहिलो. आईचा फोन आला, कुठे आहेस? केडगावला म्हणालो. ती म्हणाली, "बेटावर गेलास का? बरं केलंस." मी तिला दुरुस्त केलं नाही.